एक्झॉस्टमध्ये साळुंकीची पिल्लं आहेत, आता काढू की थांबू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात साळुंकीनं घरटं केलंय, आतून पिल्लांचा आवाज येतो, आई म्हणतात लेकुरवाळी आहे हात लावू नका, मिसेस म्हणतात वास येतोय आजच्या आज काढा, आणि वॉचमन म्हणतो बाहेरून सिमेंट मारून टाका. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्याच बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. अहो, हे सगळ्यात आधी लिहायचं होतं.

मी पुण्यात सतरा-अठरा वर्षं एक्झॉस्ट, डक्ट आणि कबुतरांच्या जाळ्यांची कामं करतोय, त्यामुळे आधी तेच सांगतो. आजपासून तो गॅस गीझर बंद. पक्षी जाईपर्यंत आणि फॅन परत चालू होईपर्यंत त्या बाथरूममध्ये गॅसवर पाणी तापवायचं नाही, दुसऱ्या बाथरूमचा इलेक्ट्रिक गीझर वापरा नाहीतर ओट्यावर पातेलं ठेवा, चार दिवस जुन्या पद्धतीनं आंघोळ केली तर काही बिघडत नाही. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला गरगरतं, पाय गळतात आणि हात कडीपर्यंत पोचायच्या आत तो खाली पडतो. एक्झॉस्टचं भोक गवतानं गच्च भरलंय म्हणजे त्या खोलीचं नाकच दाबलंय असं समजा. आणि वॉचमनच्या सिमेंटचं तर नावच नको, त्यानं पिल्लं आत मरतील आणि झरोका कायमचा जाईल.

आता घरट्याकडे येऊ. आई आणि मिसेस दोघींचंही बरोबर आहे, फक्त वेळ वेगवेगळी आहे. आज आईंचं ऐका आणि पिल्लं उडाली की मिसेसचं.

आत नक्की काय आहे ते आधी बघा. फॅनचा स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा, शक्य असेल तर त्या लाइनचा एमसीबीच, म्हणजे मेन बोर्डवरचा खटका, पाडून ठेवा, कारण घरात कोणीतरी पाहुणा येतो आणि सवयीनं बटण दाबतो, मग जे होतं ते साफ करायला मला बोलावतात आणि ते काम मला अजिबात आवडत नाही. पक्षी मरतो हे एक आणि पात्यात गवत अडकून मोटारचं वाइंडिंग जळतं हे दुसरं. मग स्टुलावर चढून मोबाइल फॅनच्या जाळीतून आत धरा, टॉर्च चालू ठेवून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि खाली येऊन शांतपणे बघा, डोळ्यांनी जे दिसत नाही ते व्हिडिओ थांबवून दिसतं. दहा सेकंद म्हणजे दहाच, रोज रोज डोकावू नका.

साळुंकीची अंडी निळसर असतात, चार-पाच. दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि मग साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत उडतात. पिल्लू उघडं गुलाबी, डोळे मिटलेले असेल तर पहिला आठवडा. अंगावर सुयांसारखी पिसांची नळकांडी दिसत असतील तर दुसरा. पिसं फुटून साळुंकीसारखं दिसायला लागलं आणि आईबाप आले की भोकाच्या तोंडाशी येऊन कलकलाट करतंय, तर शेवटचे काही दिवस राहिलेत. तुम्ही म्हणता आवाज मोठा आहे आणि विष्ठा बाहेर भिंतीवर ओघळलीय, त्यावरून मला वाटतं तुमची अर्धी वाट बघून झालीय.

चिमणी असती तर याहून लवकर सुटका झाली असती, तिची पिल्लं पंधरवड्यात उडतात. कबुतराचं मात्र वेगळंच प्रकरण. अंडी दोनच पण पिल्लं एक महिना आणि वर जागा अडवून बसतात, वर्षभर कधीही घालतात आणि ही पिल्लं उडायच्या आधीच कधीकधी शेजारी पुढची अंडी तयार असतात, म्हणजे 'मोकळं झालं की काढू' म्हणणारा माणूस वर्षभर थांबतो. साळुंकीचा हंगाम असतो, उन्हाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्यात संपतो, कबुतराला हंगामच नाही. म्हणून कबुतराच्या बाबतीत पिल्लं उडायच्या बेतात आली की कॅलेंडरवर खूण करायची आणि त्या आठवड्यात लक्ष ठेवायचं.

कबुतराचं अजून एक, आणि हे मी स्वतः तोंडावर पडून शिकलोय. कबुतरात नर-मादी दोघंही अंडी उबवतात. दिवसा, म्हणजे सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत साधारण नर बसतो आणि बाकी वेळ आणि रात्रभर मादी. मी नवीन होतो तेव्हा एका फ्लॅटमध्ये एसीच्या मागच्या पोकळीतून एक कबुतर फडफडत गेलेलं बघितलं, म्हटलं चला रिकामं झालं, पटकन वेल्डमेश, म्हणजे तारांची वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी, मारली आणि पैसे घेऊन घरी आलो. रात्री अकराला त्या काकूंचा फोन, भिंतीतून खरवडल्याचा आवाज येतोय. दुसरं आतच होतं. रात्री जाऊन जाळी कापली, कबुतर माझ्या तोंडावरून गेलं आणि काकूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून एक उडालं म्हणजे रिकामं असं मी मानत नाही, आत हात आणि टॉर्च घालून बघितल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा पिळत नाही.

तर मग कधी लगेच काढायचं? नुसत्या काड्या-गवत आहे, अंडं नाही, तेव्हा. त्या टप्प्यावर बेधडक काढा, त्याच दिवशी जाळी लावा, यात कुणाचं काही नुकसान नाही, ती दुसरीकडे बांधेल. जाळी त्या दिवशी लागणार नसेल तर निदान रोज सकाळी काढत राहा. लोक इथेच चुकतात, पहिली काडी दिसली की म्हणतात रविवारी बघू, रविवार येतो तोवर अंडी झालेली असतात. अंडी-पिल्लं असताना मात्र थांबायचंच. एक तर मन मानत नाही, दुसरं म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात नुसतं मारणं नाही, पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

खरंच थांबणं शक्य नसेल, उदाहरणार्थ घरट्यानं गीझरचा धूर जायचा पाइपच बुजलाय आणि घरात दुसरी सोय नाही, तर स्वतः हिकमत करू नका, वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, पुण्या-मुंबईत पक्षी वाचवणाऱ्या संस्थाही आहेत, ते माणूस पाठवतात नाहीतर फोनवर तरी नीट सांगतात. एखादं पिल्लू फॅनच्या बाजूनं बाथरूममध्येच पडलं तर ते उचलून परत घरट्यात ठेवायला हरकत नाही. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे आपल्याकडे प्रत्येक आजी सांगते पण ते खरं नाही, आईबाप पिल्लाच्या आवाजाला येतात, वासाला नाही. फक्त त्याच्या चोचीत पाणी सोडू नका आणि दूध-ब्रेड कोंबू नका, श्वासनळीत जाऊन तिथेच गुदमरतं.

थांबायच्या काळात बाथरूमचं दार लावून ठेवा, फॅनखाली जुना पेपर पसरा आणि फॅनच्या आतल्या बाजूला एक जुनी ओढणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा सैलसर चिकटवा म्हणजे गवत आणि किडे आत पडणार नाहीत. किड्यांचं मुद्दाम सांगतो. घरट्यात मिरपुडीच्या कणासारखे बारीक किडे असतात, पक्ष्याच्या रक्तावर जगतात. पिल्लं आहेत तोवर ते तिथेच असतात, पिल्लं उडाली की उपाशी पडतात आणि फॅनच्या फटीतून घरात येतात, मग घरातल्यांना रात्री अंगाला खाज आणि सगळे ढेकूण शोधत गाद्या उन्हात टाकतात. माणसावर ते फार काळ टिकत नाहीत पण तेवढ्या दिवसात जीव नकोसा करतात. म्हणून पिल्लं उडाली की घरटं महिनाभर तसंच ठेवायचं नाही, एक-दोन दिवसांत साफ.

कसं कळणार उडाली? आवाज बंद झाला की लगेच नाही, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ खालून किंवा समोरच्या जिन्यातून बघा, आईबाप चोचीत किडा घेऊन येतायत का. तुमच्या पिल्लांनी भोक सोडलं तरी ती आठवडाभर आसपासच्या फांद्यांवर असतात, तिथे त्यांना भरवणं चालू असतं, ते बघून घाबरू नका.

सफाईच्या दिवशी सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरडा झाडू. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेली की फुप्फुसाला त्रास होतो, काहींना त्याची अॅलर्जी बसते आणि ती साधी शिंकांवर थांबत नाही, श्वासाचा कायमचा आजार होऊ शकतो. बुरशीचे आणि जंतूंचे आजारही त्यातूनच येतात. दम्याचा माणूस, लहान मूल, गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी बाहेर पाठवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. रुमाल बांधून भागत नाही. एमसीबी पाडा, फॅनची वायर सोडून फॅन खाली उतरवा, मग स्प्रे बाटलीनं साबणाचं पाणी मारून घरटं पूर्ण भिजवा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग मुठी-मुठीनं काढून जाड पिशवीत भरा, पिशवी तिथेच बांधा. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकं निघतं. साळुंकी गवत, सुतळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, काय मिळेल ते कोंबते, एकदा एका नऊ इंची भोकातून मी अर्धं पोतं काढलं आणि त्यात सापाची कात होती, ते बघून घरमालक खुर्चीवरून खाली उतरायला तयार नव्हते. साळुंकी कात आणून घरट्यात घालते, साप आलेला नसतो.

मग घासून धुवा, पुसा आणि शेवटी ब्लीचचं पातळ पाणी फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीच आणि अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो, गीझरपासून वाचलात आणि यात सापडलात असं नको. भोकाच्या कडेच्या फटीही बघा, किडे तिथेच दडतात.

आणि आता खरं काम. घरटं काढायला अर्धा तास लागतो, ते काय कोणीही काढेल, पण संध्याकाळी भोक उघडं ठेवून तुम्ही झोपलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जोडी नवीन गवत घेऊन हजर. जागा एकदा पसंत पडली की हे पक्षी सहजी सोडत नाहीत. म्हणून जाळी आधी कापून, मापं घेऊन तयार ठेवायची आणि मगच घरट्याला हात घालायचा, सफाई आणि जाळी एकाच दिवशी.

जाळी कुठली, तर अर्धा इंची चौकोनाची वेल्डमेश. पुण्यात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची, चालते, मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे खाऱ्या हवेनं दोन-तीन पावसाळ्यात गंजून हातात येते, तिथे स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची घ्या, एकदाच काय ते पैसे जातात. अर्धा इंचच का? बाल्कनीला जी नायलॉनची कबुतरजाळी लावतात तिचा चौकोन ५० मिलिमीटरचा असतो, कबुतर अडतं पण चिमणी आरामात आत जाते. साळुंकीसाठी २८ आणि चिमणीसाठी १९ मिलिमीटरची जाळी मिळते. पण भोकाला मी नायलॉन लावत नाही, उंदीर-घुशी कुरतडतात आणि ऊन खाऊन ती सैल पडते. उलट काही जण हुशारी करून डासांची बारीक जाळी लावतात, ती धूळ आणि ओशटपणानं सहा महिन्यांत गच्च होते, हवा जातच नाही, म्हणजे साळुंकीचं काम आपणच केलं. गीझरच्या बाथरूमला तर अजिबात नाही.

जाळी भोकापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन इंच मोठी कापायची, कडा आत दुमडायच्या आणि बाहेरच्या बाजूनं भिंतीवर बसवायची. गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लग), स्क्रू आणि मोठा वॉशर, नुसतं सिलिकॉन चिकटवलं तर साळुंकी चोचीनं ओढून काढते, मी बघितलंय. सहाव्या मजल्यावर बाहेरून जमणार नसेल तर स्वतः स्टुलावर उभं राहून अंग बाहेर काढू नका, दोरवाला माणूस बोलवा, नाहीतर जाळीचा चौकोनी डबा करून तो भोकात आतून सरकवून बाहेरच्या तोंडाशी नेऊन पक्का करता येतो, मी बऱ्याच सोसायट्यांत असंच करतो. पात्याला जाळी घासत नाही ना ते हातानं पातं फिरवून बघा आणि मगच लाइट चालू करा.

फॅन बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या प्लॅस्टिकच्या झडपा मिळतात, त्या लावा, पावसाचं पाणी अडतं, पण पक्ष्यासाठी नुसत्या त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. दोन वर्षं उन्हात राहिली की झडप ठिसूळ होते, एक पट्टी तुटते आणि तेवढी जागा पुरे होते. तुमच्याकडेही माझ्या अंदाजानं हेच झालं असणार.

एवढं करताय तर घरातली बाकीची भोकंही त्याच दिवशी बघून घ्या, कारण ती जोडी पुढे तिथेच जाणार. किचनच्या चिमणीचा सहा इंची पाइप बाहेर निघतो त्याचं तोंड उघडं असतं. चिमणीत चिमणी हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसू येत नाही. एका घरी धूर ओढत नाही म्हणून मेकॅनिकनं मोटार बदलली, दोन महिन्यांनी परत तेच, मग मला बोलावलं, पाइप सोडला तर आत दोन फूट गवत आणि त्यावर तेलाचा थर. तेल प्यायलेलं वाळकं गवत आणि खाली गॅसची शेगडी, विचार करा. तिथे झडपेचं कव्हर आणि त्यामागे तीच अर्धा इंची जाळी, फक्त ही जाळी दर दोन-तीन महिन्यांनी काढून गरम पाण्या-सोड्यानं धुवायची कारण ती ओशट होतेच.

एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक तर एसीवाले नव्वद टक्के वेळा तसंच सोडून जातात. तिथे हवा लागत नाही त्यामुळे ते पूर्ण बंद करा, नुसता फोम नको, जाळीचा बोळा आणि त्यावर व्हाइट सिमेंट. विंडो एसीच्या बाजूला थर्माकोल असेल तर तो काढून प्लायपट्टी लावा. आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकी, एक पट्टी तुटली की कबुतर आत, पट्टी बदलायला काय लागतं हो, पण वर्षानुवर्षं तिथे पुठ्ठा असतो.

बाजारात बाकी जे मिळतं त्याबद्दल विचाराल तर अल्ट्रासॉनिक मशीन घेऊ नका, तो आवाज पक्ष्यांना ऐकूच येत नाही. प्लॅस्टिकचं घुबड आणि लटकत्या सीड्या चार दिवस चालतात, पाचव्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर कबुतर बसलेलं असतं. डांबराच्या गोळ्या म्हणजे वास तुम्हालाच. चिकट जेल मी लावत नाही आणि लावून देतही नाही, त्यात चिमण्या, दयाळ असले छोटे पक्षी अडकून हाल होऊन मरतात. काटे खिडकीच्या पट्टीवर ठीक, भोकात उपयोग नाही, कबुतर काट्यांमध्येच काड्या अडकवून मस्त घरटं करतं.

कबुतरांचा त्रास सगळ्या इमारतीला असेल तर तुमच्या एका जाळीनं तो संपणार नाही. बाथरूमच्या मागची जी शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा, असते ती वरून उघडी असली की ते त्यांचं गावच, तिला वर ५० मिलिमीटरची जाळी आणि प्लंबरला उतरायला दार, हे काम सोसायटीच्या खर्चानं व्हायला पाहिजे. आणि टेरेसवर रोज ज्वारी टाकणारं कोणीतरी असतंच. ते बोलायला अवघड आहे हे मला माहीत आहे, २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत केवढं रान उठलं ते सगळ्यांनी बघितलं, पण मीटिंगमध्ये कोणीतरी विषय काढायलाच लागतो.

जाळी लावल्यावर दहा-पंधरा दिवस ती जोडी येऊन जाळीवर चोची मारेल, गवत लटकवून जाईल, तुमच्या आईंना वाईट वाटेल. मग बाल्कनीत उंचावर एक लाकडी पेटी लावून द्या, भोक साळुंकी मावेल इतकं ठेवा, पसंत पडली तर पुढच्या उन्हाळ्यात येतील. त्या पंधरा दिवसांत रोज एकदा जाळीचे स्क्रू हलतायत का ते बघा. गॅस गीझर मात्र जाळी लागली म्हणून लगेच सुरू करू नका, आधी फॅन चालू करून टिश्यू पेपरचा तुकडा त्याच्या आतल्या जाळीजवळ धरा, तो ओढून चिकटला पाहिजे. दाराच्या खालून हवा आत यायला फट आहे ना तेही बघा, नसेल तर सुताराकडून खाली इंचभर कापून घ्या.